नवऱ्याचे ठोके ४२ : घाबरायचं की नाही?

प्रश्न : माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत, बँकेत नोकरी करतात. गेली काही वर्षं ते नियमित पळतात. पहाटे यवतेश्वरचा घाट चढून येतात, साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये भाग घेतात. तंबाखू नाही, दारू नाही, बीपी-शुगर नाही, कुठली गोळीही चालू नाही. दिवाळीत लेकीनं त्यांना स्मार्ट घड्याळ घेऊन दिलं आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. रात्री झोपेत त्यांचे ठोके ४२ दाखवतं, एकदा ३८ दाखवले. दिवसा शांत बसलेले असताना ५० ते ५२. साठच्या खाली गेलं की हृदयाचा आजार, असं मी ऐकलंय. ह्यांना विचारलं तर म्हणतात, ‘मला काही होत नाही, तू उगाच घाबरतेस.’ पण माझ्या सासऱ्यांना ७२ व्या वर्षी पेसमेकर बसवावा लागला होता. तेही ‘काही होत नाही’ म्हणत राहिले आणि एक दिवस अंगणात कोसळले. रात्री दोनला जाग आली की मी ह्यांचं मनगट धरून ठोके मोजत बसते. मी वेडेपणा करतेय का? आणि हे घोरतातही खूप, त्याचा काही संबंध असेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, वेडेपणा मुळीच नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मिस्टरांचे ठोके पळण्यामुळे उतरलेले दिसतात आणि त्यांचं हृदय बहुधा चांगलं आहे. तरीही एकदा ईसीजी काढायला हवा. आणि घोरण्याचा जो प्रश्न तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी जाता जाता विचारलात, तो मला पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटला. त्याकडे येतोच.

आधी साठचं बघू. प्रौढ माणसाचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला ६० ते १०० असावेत, ही चौकट सोयीसाठी आखलेली आहे. ५९ झाले की आजार सुरू आणि ६१ झाले की माणूस ठणठणीत, असं शरीरात काही घडत नाही. कष्टाची किंवा व्यायामाची सवय असलेल्या कितीतरी निरोगी माणसांचे ठोके शांत बसल्यावर ५० ते ६० च्या दरम्यान असतात. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये मंद ठोक्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत त्यांनी ही रेषा ६० वरून ५० वर आणली, आणि उपचार ठरवताना आकड्यापेक्षा माणसाला होणाऱ्या त्रासाला जास्त वजन दिलं. झोपेत ठोके आणखी उतरतात. तरुण आणि व्यायामी माणसांच्या रात्रभराच्या नोंदी पाहिल्या तर चाळीसच्या आसपासचे, कधी त्याहूनही खालचे आकडे सर्रास दिसतात. दोन ठोक्यांमध्ये मधूनच दोन सेकंदांपर्यंतचा विरामही दिसतो. हे पूर्वीही होतच होतं, आपल्याला कळायला साधन नव्हतं इतकंच.

ठोके कमी का होतात हे एकदा समजलं की अर्धी भीती जाते, म्हणून थोडं आत जाऊ. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, वरून येणारी मोठी नीला जिथे मिळते त्या जागी पेशींचा एक छोटा पुंजका असतो. आर्थर कीथ आणि त्यांचा तरुण सहकारी मार्टिन फ्लॅक यांनी तो १९०७ मध्ये जगापुढे मांडला. मोल नावाच्या, जमिनीत बिळं करून राहणाऱ्या लहानशा प्राण्याच्या हृदयात फ्लॅकला तो प्रथम स्पष्ट दिसला होता. या पुंजक्याला सायनस नोड म्हणतात. प्रत्येक ठोक्याचा विद्युत संदेश इथून निघतो. या नोडला कोणी आवरलं नाही तर तो बराच वेगानं चालतो. तुमच्या मिस्टरांच्या वयात मिनिटाला नव्वदच्या आसपास. हृदयाचं प्रत्यारोपण करताना मेंदूकडून हृदयाकडे येणारे मज्जातंतू कापले जातात. म्हणून अशा रुग्णांचे ठोके स्वस्थ पडलेले असतानाही ९० ते ११० असतात. आपले ठोके सत्तरवर राहतात ते व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे, तो नोडला सतत आवरून धरतो. झोपेत व्हेगसचा जोर वाढतो. नियमित पळणाऱ्यांत तो दिवसाही जास्त असतो, असं पूर्वीपासून मानलं जातं. त्यात २०१४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एक नवी भर घातली. त्यांनी उंदरांना पळण्याचा सराव दिला, तेव्हा नोडच्या पेशींमधली वेग ठरवणारी सूक्ष्म दारंच कमी झालेली आढळली. सरावानं नोड स्वतःच बदलतो, असा त्याचा अर्थ. मला यात भीतीपेक्षा नवल जास्त वाटतं.

आता तुम्ही विचाराल, ठोके कमी तर मग शरीराला रक्त पुरतं कसं? साधा हिशेब आहे. सामान्य माणसाचं हृदय एका ठोक्यात सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. ७० ठोके म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच लिटर. पळणाऱ्याच्या हृदयाचा डावा कप्पा सरावानं थोडा मोठा आणि लवचिक होतो, तो एका ठोक्यात १०० मिलिलिटर ढकलू शकतो. मग ५० ठोक्यांतही तेच पाच लिटर होतात. तांब्या मोठा असला की बादली कमी खेपांत भरते, तसं. स्पेनचा सायकलपटू मिगेल इंदुराइन यानं १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षं टूर द फ्रान्स जिंकली. विश्रांतीत त्याचे ठोके २८ पर्यंत उतरत, असं सांगितलं जातं.

पण पळणारा आहे म्हणून तपासणीच नको, असंही मी म्हणणार नाही. स्वीडनमध्ये वासालोपेट नावाची ९० किलोमीटरची बर्फावरची स्की शर्यत असते. ती पुरी करणाऱ्या हजारो लोकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी जास्त वेळा आणि जास्त वेगानं ही शर्यत पुरी केली होती, त्यांच्यात पुढे ठोक्यांच्या लयीचे दोष थोडे जास्त आढळले. व्यायाम करू नये असा निष्कर्ष यातून निघत नाही, व्यायामाचे फायदे फार मोठे आहेत. पण ‘मी फिट आहे, मला काय होणार’ हा युक्तिवाद डॉक्टरसमोर पुरत नाही, एवढं मिस्टरांना जरूर वाचून दाखवा.

घड्याळावर किती विश्वास ठेवायचा? या घड्याळातला हिरवा प्रकाश त्वचेतून आत जातो आणि प्रत्येक ठोक्यागणिक मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त कमी-जास्त होतं, ते मोजतो. पट्टा सैल असेल, हात गार पडलेला असेल, मनगट अंगाखाली दबलेलं असेल तर मोजणी चुकते. त्याहून फसवा प्रकार म्हणजे मधले जादा ठोके. काही माणसांत प्रत्येक नेहमीच्या ठोक्यानंतर एक अवेळी ठोका पडतो. त्या वेळी हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका इतका दुबळा असतो की मनगटापर्यंत पोचतच नाही. घड्याळ अर्धेच ठोके मोजतं. खरे ७६ असतात, दिसतात ३८. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि घरचं बीपीचं मशीनसुद्धा अशीच चूक करू शकतात. आणि गंमत म्हणजे, तुम्ही मनगट धरून मोजलंत तरी तीच चूक होईल. म्हणून एकदा ते जागे आणि शांत पडलेले असताना त्यांच्या छातीच्या डाव्या बाजूला कान लावा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, मंद ठोक्यांत ती चूक मोठी होते. त्याच मिनिटाला लेकीला मनगटावरचे ठोके मोजायला सांगा. दोन्ही आकडे जुळले तर घड्याळ बरोबर आहे. छातीवर जास्त आणि मनगटावर कमी आले तर ती वेगळी गोष्ट आहे. ती नेहमीच धोक्याची असते असं नाही, पण डॉक्टरांना सांगायला हवी.

यापुढचा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न, असा आहे : गरज पडली की हे हृदय वेग घेतं का? निरोगी माणसाचं हृदय विश्रांतीत ४८ वर असलं तरी घाट चढताना १४०-१५० पर्यंत सहज जातं आणि थांबल्यावर झपाट्यानं खाली येतं. आजारी हृदयाला हे जमत नाही. वरच्या कप्प्यांतला संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचेनासा झाला, ज्याला आम्ही हार्ट ब्लॉक म्हणतो, तर खालचे कप्पे स्वतःच्या बळावर ३०-४० च्या चालीनं कसेबसे ठोके देत राहतात आणि माणूस चढो वा पळो, ती चाल फारशी वाढत नाही. लोक ‘ब्लॉक’ म्हटलं की रक्तवाहिनीतला अडथळा समजतात. हा अडथळा विजेच्या वाटेवरचा असतो, त्याला अँजिओप्लास्टी लागत नाही. तुमच्याकडे तर घड्याळ आहेच. मिस्टर रविवारी घाट चढून आले की त्या तासाभराचा आलेख उघडून बघा. तो वर जाऊन नीट खाली आलेला दिसला तर तुमच्या हातात चांगला पुरावा आहे.

आता ज्या गोष्टी दिसल्या तर थांबू नये, त्या. उभं राहिल्यावर किंवा बसल्या बसल्या घेरी येणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं. काही कळायच्या आत शुद्ध हरपणं आणि काही सेकंदांत पुन्हा ताळ्यावर येणं. नेहमीचा घाट अचानक जड जाणं, पाच-सहा किलोमीटर सहज पळणारा माणूस दोन किलोमीटरवर धाप लागून थांबणं. पळणारी माणसं ही शेवटची खूण हमखास दडपतात. ‘वय झालं’, ‘झोप झाली नव्हती’, ‘ऊन होतं’ अशी कारणं देतात. तुम्ही सोबत राहता म्हणून तुम्हाला फरक दिसेल. यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पळताना शुद्ध हरपली, किंवा मंद ठोक्यांबरोबर छातीत दुखलं, दरदरून घाम फुटला, बोलणं असंबद्ध झालं, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

आता घोरण्याकडे. घोरता घोरता मध्येच सगळं शांत होतं का, हे मला तुमच्याकडून जाणून घ्यायचं आहे. दहा-पंधरा सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ श्वासाचा आवाजच नाही, छाती मात्र हलतेय, आणि मग एकदम मोठा घुसमटल्यासारखा श्वास, कूस बदलणं आणि पुन्हा घोरणं. असं होत असेल तर त्याला स्लीप अॅप्निया म्हणतात. घसा मिटतो, हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि त्या काळात व्हेगसचा जोर वाढून ठोके मंदावतात. श्वास सुटला की ते एकदम उसळतात. रात्रभर हे चक्र चालतं. घड्याळात रात्रीचा आलेख संथ सपाट दिसण्याऐवजी करवतीच्या दात्यांसारखा वरखाली दिसतो. हा आजार फक्त लठ्ठ माणसांना होतो हा समज चुकीचा आहे. जबड्याची ठेवण लहान असली, नाकाचं हाड वाकडं असलं, टॉन्सिल मोठे असले, तर सडपातळ माणसालाही होतो. दिवसा पेंग येणं, सकाळी डोकं जड असणं, बीपी हळूहळू चढत जाणं या त्याच्या दुसऱ्या खुणा. उपचार चांगला आहे. झोपताना नाकावर मास्क लावून हवेचा हलका दाब देणारं सीपॅप मशीन वापरलं की घसा उघडा राहतो, आणि रात्रीचे असे मंद ठोके बऱ्याचदा पेसमेकरशिवायच सुधारतात. मशीनचा कंटाळा करणारे पुष्कळ असतात, पण ज्यांनी महिनाभर नेटानं वापरलं त्यांच्या घरच्यांनी येऊन समाधान सांगितल्याचं मी पाहिलं आहे.

हे सगळं घोरणाऱ्याला स्वतःला कधीच कळत नाही. शेजारी जागं असलेल्या माणसालाच कळतं. तेव्हा रात्री दोनला जाग आलीच तर मनगट धरू नका, श्वास ऐका. पाच मिनिटं मोबाइलवर आवाज टेप करून ठेवा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होईल.

सासऱ्यांच्या पेसमेकरची भीती मला समजते. पण ७२ व्या वर्षी लागलेला पेसमेकर बहुतेक वेळा वयाचा परिणाम असतो. वयानुसार विजेच्या वाटेवरच्या पेशींची जागा तंतुमय ऊती घेतात आणि संदेश अडखळतो. ही झीज बापाकडून मुलाकडे सहसा येत नाही. घराण्यात कोणाला चाळिशी-पन्नाशीच्या आत पेसमेकर लागला असेल, किंवा कोणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर मात्र ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण काही थोडे प्रकार आनुवंशिक असतात.

तपासण्या कोणत्या? साधा ईसीजी ही पहिली. पाच मिनिटांचं काम आहे, जवळच्या कोणत्याही फिजिशियनकडे किंवा सरकारी रुग्णालयात होतो. ठोके मंद असले तरी संदेश नोडमधूनच निघतोय आणि वाटेत कुठे अडत नाही, हे त्यात दिसलं तर मोठा प्रश्न मिटतो. सोबत रक्तातली थायरॉइडची टीएसएच तपासणी करा. थायरॉइड मंदावलं की ठोकेही मंदावतात. थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, वजन वाढणं, आवाज जड होणं ही त्याची सोबत. एकदा इकोही करून घेतला तर हृदयाची रचना समजते. ट्रेडमिलवर चालवून ठोके किती चढतात ते पाहता येतं. काही शंका उरली तर होल्टर, म्हणजे २४ तास किंवा त्याहून जास्त वेळ छातीला लावून ठेवायचं नोंदयंत्र. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांनी ते बनवलं. सुरुवातीचं यंत्र पाठीवर घ्यावं लागे आणि ३८ किलो वजनाचं होतं. आज ते शर्टाच्या आत झाकून जातं. स्लीप स्टडी तुमच्या श्वासाच्या निरीक्षणावर ठरेल. ईसीजी नॉर्मल आला, त्रास काही नसला, घाटात ठोके चढत असले, तर कोणताही उपचार लागत नाही. ठोके वाढवण्यासाठी गोळी घ्यायची नाही, कॉफी वाढवायची नाही, पळणं थांबवायचं नाही.

मिस्टर डॉक्टरांकडे जायला तयार होत नाहीत, हा तुमचा न लिहिलेला प्रश्न मी वाचला. त्यांना ‘तुम्हाला काहीतरी झालंय’ असं म्हणू नका, ते अंगावर येतात. ‘मला शांत झोप लागावी म्हणून एक ईसीजी काढा’ असं म्हणा. ते खरंही आहे.

पत्नीच्या काळजीतून काय होऊ शकतं, याचं एक मोठं उदाहरण पेसमेकरच्या इतिहासातच आहे. स्वीडनमधले आर्ने लार्सन १९५८ मध्ये ४३ वर्षांचे होते. त्यांना पूर्ण हार्ट ब्लॉक झाला होता. हृदय मध्येच थांबायचं, शुद्ध जायची, असे झटके त्यांना दिवसातून वीस-तीस वेळा येत. त्यांच्या पत्नी एल्स-मारी यांनी शरीराच्या आत बसवता येईल अशा यंत्राच्या प्रयोगांबद्दल ऐकलं आणि स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयातले शल्यचिकित्सक ऑके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांना गाठलं. माणसात बसवण्यायोग्य यंत्र अजून तयार नाही, असं उत्तर मिळालं. मग ते तयार करा, म्हणून त्या दोघांच्या मागेच लागल्या. एल्मक्विस्टनी बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात सर्किट बसवलं. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी ते लार्सन यांच्या शरीरात बसवलं गेलं. माणसात पूर्णपणे आत बसवलेला हा पहिला पेसमेकर. तो काही तासांतच बंद पडला, दुसरा बसवावा लागला, आणि पुढे आयुष्यभर बदलत राहावं लागलं. एकूण २६ यंत्रं झाली. पण लार्सन ८६ वर्षांचे होऊन २००१ मध्ये गेले, तेही हृदयाच्या आजारानं नव्हे, कर्करोगानं. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्याआधी गेले होते.

तुमच्या मिस्टरांना यातलं काही लागेल असं मला वाटत नाही. ईसीजी चांगला आला की घड्याळातली मंद ठोक्यांची सूचना बंद करा, किंवा डॉक्टर सांगतील त्या आकड्यावर खाली आणून ठेवा. आणि रात्री घड्याळ काढून ठेवलं तरी चालेल. तुमची झोपही आरोग्याचाच भाग आहे, तिची मला तितकीच काळजी आहे.

प्रश्न : माझी पत्नी ६८ वर्षांची आहे. बीपीसाठी मेटोप्रोलॉलची गोळी अनेक वर्षं चालू आहे. काचबिंदू निघाल्यामुळे तीन महिन्यांपूर्वी डोळ्यांत टाकायचे थेंब सुरू झाले. अलीकडे बीपीच्या मशीनवर नाडी ४४ दाखवते. सकाळी उठताना तिला घेरी येते. परवा स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसली. वयोमानानं होत असेल का?
— एक ज्येष्ठ वाचक, चिपळूण

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचताच तुम्हाला फोन केला आणि काकूंना त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला सांगितलं. इथे छापतोय ते इतर वाचकांसाठी, कारण साताऱ्याच्या मिस्टरांची ४२ आणि काकूंची ४४ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. त्यांना ४२ असताना काही होत नाही, तेही झोपेत. काकूंना ४४ दिवसा आहे, जागेपणी आहे आणि त्या कोसळता कोसळता वाचल्या. वयोमान म्हणून हे सोडून देता येणार नाही. या वयात पडून खुब्याचं हाड मोडलं तर ते दुखणं फार लांबतं.

मला सर्वांत आधी त्या थेंबांचा संशय आला. काचबिंदूच्या अनेक थेंबांमध्ये टिमोलॉल असतं. ते मेटोप्रोलॉलच्याच कुळातलं औषध आहे, दोन्ही हृदयाचे ठोके मंद करतात. थेंब डोळ्यातच राहतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या बारीक नळीनं नाकात उतरतो आणि तिथल्या ओल्या त्वचेतून थेट रक्तात जातो. गोळी आधी यकृतातून जाते, तिचा बराच अंश तिथेच निकामी होतो. थेंबाच्या वाटेत यकृत आधी येत नाही. त्यामुळे थेंब इवलासा असूनही म्हाताऱ्या माणसात त्याचा परिणाम चांगलाच जाणवतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना गोळी माहीत नसते, बीपीच्या डॉक्टरांना थेंब माहीत नसतात, आणि ‘औषधं कोणती चालू आहेत’ असं विचारलं की घरातला कोणीच थेंबांचं नाव घेत नाही, कारण थेंबाला आपण औषध मानत नाही. दमा असलेल्यांना तर या थेंबांनी धापही लागू शकते.

तरीही गोळी किंवा थेंब आपल्या मनानं बंद करायचे नाहीत. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकाएकी थांबवली तर ठोके आणि बीपी उसळतात, छातीत दुखू शकतं. थेंब थांबवले तर डोळ्यातला दाब वाढतो आणि काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. दोन्हींना पर्याय आहेत, पण ते दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायला हवेत. काकूंचा ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, टीएसएच या तपासण्या लगेच हव्यात. जुलाब-उलट्या झाल्या, खाणंपिणं कमी झालं की म्हातारपणी मूत्रपिंडाचं काम पटकन मंदावतं, पोटॅशियम चढतं, औषध अंगात साचतं आणि ठोके अचानक फार खाली जातात. औषधात बदल केल्यावरही ठोके वर आले नाहीत किंवा ईसीजीत हार्ट ब्लॉक दिसला, तर पेसमेकर लागेल. ते छोटं ऑपरेशन असतं, बहुधा फक्त जागा बधिर करून करतात, आणि बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं चालते.

तोवर काकूंना अंथरुणातून एकदम उठू देऊ नका. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसून, मग उभं राहायचं. रात्री बाथरूमला जाताना सोबत जा, आतून कडी लावू देऊ नका. डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या : गोळ्या, थेंबांची बाटली, वैद्यांच्या पुड्या, झोपेची गोळी, डोकेदुखीची गोळी, सगळं. आणि नवे थेंब कोणतेही सुरू झाले तरी ते टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळच्या आतल्या कोपऱ्यावर दोन मिनिटं बोट हलकेच दाबून धरा. नाकात उतरणारं औषध त्यानं बरंच कमी होतं आणि डोळ्याला ते जास्त मिळतं.